बंद खोलीतलं सूत

अण्णा, माझ्या मागच्या खोलीत एसीची हवा नीट पोचत नाही. काल दुरुस्तीवाला हातातलं यंत्र जाळीपुढे धरून आकडे वाचत होता आणि मी सवयीनं जाळीला सुताचा धागा बांधला. तो हसला. हसू दे बापडा. माझी नजर मात्र धाग्यावरून हटेना. सोलापुरातली मे महिन्यातली ती दुपार आठवली.

तुम्ही मिलमधले फिटर. मालकांच्या बंगल्यातलं थंड हवेचं यंत्रही तुम्हीच सांभाळायचात. मोतीबिंदूमुळे तुम्हाला बारीक धागा दिसेनासा झाला होता. मी बावीस वर्षांची, नुकतीच मास्तरीण झालेली. शाळेला सुट्टी, म्हणून तुमचे डोळे व्हायला आले. घरभर हवा कमी येते, अशी मालकांची तक्रार होती. तुम्ही खोलीखोलीतल्या जाळीला मिलमधलं सूत बांधलंत. दिवाणखान्यातलं नुसतं लोंबतंय, मालकांच्या खोलीतलं जेमतेम हलतंय. मालकांच्या आई आदल्या वर्षी गेल्या, तेव्हापासून त्यांच्या खोलीला कुलूप. ते उघडलं तर तिथलं सूत ताठ आडवं. पलंगावर गादीसुद्धा नाही आणि गारवा असा की माझ्या अंगावर काटा आला.

मालक उंबऱ्याबाहेरच थांबले. "आई अंथरुणाला खिळलेली होती, तरी पाहुणे आले की मी तिची हवा बंद करायचो, दिवाणखाना गार व्हावा म्हणून. ती गेल्यावर इथे दहा दिवस दिवा ठेवला, तो सारखा विझायचा. हवेची कळ ओढून बंद केली, तरी हवा येतेच. मिस्त्री, ती अजून माझ्यावर रागावली आहे का हो?" एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. तुम्ही शिडी लावलीत.

वर पत्रा तापलेला, हवेच्या नळाशेजारी तुम्ही सरपटताय, तुमचा खोकला थांबत नाही. मी त्या खोलीत एकटी, सुताकडे बघत. तेवढ्यात दिवाणखान्यातून मालक ओरडले, "आली, इकडे हवा आली!" वरून तुम्ही विचारलंत, "आईसायबांच्या खोलीतलं सूत पडलं का गं?"

"पडलं," मी म्हटलं. बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि कुलूप मीच लावलं.

तुम्ही उतरलात तेव्हा सदरा घामानं चिंब होता आणि मुठीत लाल सुताचा तुकडा. त्यावरची गाठ मी ओळखली. लहानपणी माझ्या रिबिनीलाही तुम्ही तीच मारायचात. मालकांना म्हणालात, "वरल्या झडपंची सळई निसटली हुती मालक, म्हून कळ चालंना. कुणी रागावल्यालं न्हाय." ते ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडले.

फाटकाबाहेर सायकल हातात धरून तुम्ही मला सांगितलंत, "म्हातारीनं माजा हात धरला हुता. म्हनली, माजं वारं बंद करत्यात रं. मंग म्याच सळई सोडवली आन् वरली झडप उघडी बांधून टाकली. मालकाला कळलं तर नोकरी जाईल. तू कुटं बोलू नगंस." मला तुमचा रागही आला होता. मालकांच्या जिवाला वर्षभर घोर होता आणि उत्तर तुमच्याच गाठीत होतं. पण तुमचा चेहरा उजळला होता. "आज झडप लावली, सूत पडलं. सुटली बिचारी," म्हणालात. दिवाळीआधी तुम्ही गेलात.

मी कुठे बोलले नाही. हेही पत्र सुताच्या रिळाखाली ठेवून देणार. पण अण्णा, झडप लावल्यावरही ते सूत तसंच आडवं होतं. तुमचा खोकला ऐकवेना, तुम्ही एकदाचे खाली यावं, म्हणून मी खोटं बोलले.