मोरीच्या खिडकीतला एक्स-रे

पुणे

ती. सुमितदादास जयभीम.

मी बरी आहे, एवढंच आईला वाचून दाखव. पुढचं मनात वाच.

सीटी स्कॅन झाला. छातीच्या हाडामागं, काळजाच्या पुढं गाठ निघाली. संध्याकाळी माझ्या पापण्या आपोआप पडायच्या, त्या हिच्यामुळंच. तू मला झोपाळू म्हणायचास, वहिनी कामचुकार.

गाठ दोन वर्षांत किती वाढली ते ताडून बघायला डॉक्टर जुना एक्स-रे मागून राह्यलेत. तालुक्याला काढलेला तो एक्स-रे "साधा खोकला आहे" म्हणून तू मोरीच्या फुटक्या काचेच्या जागी लावल्ता. रोज सकाळी त्याच्यासमोर मी तोंड धुतलं, तू दाढी केलीस. माझी छाती उन्हात टांगलेली होती, कोणी निरखून बघितली न्हाई.

जपून ठेवलाय का, असं डॉक्टरनं विचारलं. मी हो म्हणले.

आईचे गुडघे कसे आहेत? सोयाबीन निघालं का?

एक्स-रे हळू सोडव, फाटू देऊ नको. वडीगोद्रीहून येणाऱ्या कोणाजवळही दे, पण जल्दी. खिडकीला पुठ्ठा लाव. मोरीत अंधार होईल, पण इतके दिवस उजेडात तरी तुम्हाला काय दिसलं?

तुझी धाकटी,
भावना