परमिटावरचं दुसरं नाव

सेलू, १२ जानेवारी १९५८

ह्यांचं पत्र आलं. माझ्या नावानं नाही, भाऊजींच्या. चार वर्षं झाली युगांडात जाऊन, मला काही सांगायचं तर ते थोरल्या भावाच्या तोंडून. मी कन्याशाळेत तिसरीला शिकवते, मला वाचता येतं, याचा तिकडं विसर पडला असावा. भाऊजी गावाहून मुद्दाम आले, बाजेवर बसले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी ह्यांना राहायला क्वार्टर दिली. माझं तिकडं येण्याचं परमिट निघालं. बोटीचं तिकीट मालकच काढणार. शाळेला सुट्ट्या लागल्या की मी निघावं. इथवर ऐकून आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

मग पुढची ओळ. सिंधूला तुमच्याकडे ठेवावे.

म्हणले, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. तेच होतं.

१३ जानेवारी

रात्रभर डोक्यात तेच. सिंधू अकरा वर्षांची. तिसऱ्या वर्षी ताप आला, त्यात कान गेले. बस, एवढंच. वाचते, लिहिते, माझ्याशी हातांनी बोलते, आणि नको ते पण बोलते. तिला ठेवावे म्हणजे काय? पितळेचा हंडा आहे का शेजारी ठेवून जायला?

१९ जानेवारी

सिंधूला घेऊन, देवगाव फाट्यावर उतरून भाऊजींच्या गावी जाऊन आले. तिकडं सगळं ठरलेलंच. जाऊबाई म्हणाल्या, "तिकडं ऊन लय असतं म्हणत्यात. लेकराला बाधंल." परभणीच्या मे महिन्यात जे लेकरू अनवाणी पळतं, त्याला ऊन बाधणार.

भाऊजी मोकळ्या स्वभावाचे, मनातलं बोलून गेले. "पोरगी कामाची हाय. शेरडं तिच्या मागं मागं फिरत्यात. आन् उलटून बोलत न्हाई."

उलटून बोलत नाही. हे भाऊजींच्या लेखी गुण. सिंधू तेव्हा अंगणात करडाला पाला चारत होती. माझ्याकडं बघून हसली. चहा न पिता उठले. जाऊबाईंना राग आला. येऊ दे.

२ फेब्रुवारी

आज लिंबाजी आला. ह्यांच्याच जिनिंगमध्ये इंजिनावर असतो, दोन महिन्यांची रजा घेऊन गावी आलाय. ह्यांनी माझ्यासाठी पाठवलेलं फुलाफुलांचं कापड घेऊन आला. एकच.

सिंधूनं पाणी आणून दिलं. त्यानं विचारलं, "ही कुणाची, वहिनी?"

म्हणले, "माझी. फिटरसाहेबांची."

तांब्या हातात तसाच धरून बसला. मग म्हणाला, "पण आमाला तर साहेब म्हणाले, आपल्याला लेकरू न्हाई."

"कुणाला म्हणाले?"

"समद्यांनाच. मालकांच्या शेठाणीबाई दर सणाला त्यांच्यासाठी नवस बोलत्यात. लेकरू होऊ दे म्हणून."

बिचारा घाबरला. परत परत म्हणत होता, माझी चूक झाली. तुझी कसली चूक, बाबा.

३ फेब्रुवारी

शाळेत पाढे घेताना सातच्या पाढ्यात अडकले. मुली बघत राहिल्या.

ताप आला तेव्हा हेच तिला खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत पळाले होते. परभणीच्या दवाखान्यात तीन दिवस भिंतीला टेकून बसून होते. तोच माणूस. मला कळत नाही. कळून घ्यायची इच्छा पण नाही आज.

आणि ती शेठाणी. समुद्रापलीकडं एक परकी बाई माझ्या कुशीसाठी नवस बोलते, आणि माझं लेकरू इथं चुलीपुढं बसून भाकरी थापतंय.

५ फेब्रुवारी

ह्यांना पत्र लिहिलं. दोन ओळी. दोघी येऊ, नाहीतर कुणीच नाही. दुसऱ्या परमिटाचं बघा. लिंबाजीकडून काय कळलं ते लिहिलं नाही. तो गरीब माणूस आहे, नोकरी जायची.

२४ फेब्रुवारी

परभणीला, कलेक्टर कचेरीत. पासपोर्टचे कागद मुंबईला जाणार, त्याआधी इथले शिक्के. सिंधूचं नाव माझ्याच पासपोर्टात घालायचंय. तिचा जन्माचा दाखला उर्दूत, निजामाच्या शिक्क्याचा. कारकून म्हणाला, "हा चालणार नाही. ते राज्यच आता राहिलं नाही."

म्हणले, "राज्य गेलं, मुलगी आहे. ही काय, समोर उभी आहे."

"नवा दाखला आणा."

"तुमचा जन्म कोणत्या राज्यातला हो?"

त्यानं दाखला परत माझ्याकडं सरकवला. आतून निजामाच्या वेळचे एक म्हातारे पेशकार आले, दाखला हातात घेतला, सावकाश वाचला, सगळा मराठीत उतरवून खाली सही केली. सिंधूला विचारलं, "बेटी, नाम क्या है?" तिनं त्यांच्या ओठांकडं बघितलं आणि म्हणाली, "शिदू." तिचं नाव ती तसंच म्हणते. कारकून हसला. पेशकारांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो लगेच कागदांत शिरला.

मी हसणाऱ्याला काही बोलले नाही याची चीड रात्री अंथरुणावर पडेपर्यंत गेली नाही.

२५ फेब्रुवारी

मुक्काम मैत्रिणीकडं होता. सकाळी दवाखान्यात देवी टोचून घेतल्या. पिवळ्या तापाची लस मुंबईतच मिळते म्हणे. डॉक्टर तरुण, इस्त्रीचे कपडे. "ही खुळी आहे का?" तिच्यासमोर विचारलं, कारण तिला ऐकू येत नाही. ऐकू येत नाही, पण तोंड वाचते ती. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, खुळी म्हणजे मी का? मी म्हणले, नाही, डॉक्टर. लय हसली. मला हसू आलं नाही.

२० मार्च

ह्यांचं उत्तर आलं. परत भाऊजींच्या नावानं. वत्सलाला, म्हणजे मला, समजवावे. इथे सगळे एका आवारात राहतात, लोक नाना गोष्टी विचारतील. तिचे पुढे लग्न व्हायचे आहे, गावीच बरी.

म्हणजे लोक विचारतील म्हणून. मुलगी नाही म्हणून सांगितलं, आता आहे म्हणून कसं सांगायचं. एवढंच आहे ते. उन्हाचं नाही, लग्नाचं नाही.

भाऊजी म्हणाले, "नवरा सांगतोय त्ये ऐक. बाईनं इतकं ताणू नये."

म्हणले, "भाऊजी, त्यांनी तिकडं काय सांगितलंय ठाऊक आहे का तुमाला?" आणि सांगितलं. लिंबाजीचं नाव घेतलं नाही. भाऊजींनी मान खाली घातली. त्यांना माहीत नव्हतं. पायजम्यावरची काडी झटकली आणि उठून बस धरायला गेले.

२८ मार्च

लिंबाजी परवा निघणार, निरोप घ्यायला आला. पासपोर्टसाठी काढलेल्या फोटोची एक प्रत त्याच्या हातात दिली. मी आणि सिंधू. म्हणले, "साहेबांना नको. शेठाणीबाईंना दे. सांग, तुमचा नवस कधीचाच फळलाय. फोटो मी दिला म्हणून सांग, तुझ्यावर काय यायचं नाही."

"वहिनी, साहेबांची बेअब्रू होईल."

"होईल."

तो गेल्यावर दार लावून घेतलं. चूक केली का? सबंध आवारात ह्यांची मान खाली जाणार. पण अकरा वर्षांच्या पोरीला नाहीच म्हणून टाकलं तेव्हा बेअब्रू कुणाची झाली?

१२ एप्रिल

मुख्याध्यापक म्हणाले, नवऱ्याकडं चाललात तर राजीनामा द्या, जागा अडवू नका. बिनपगारी रजा मागितली. "तुमचा बेत कच्चा दिसतो बाई." म्हणले, बेत पक्का आहे, माणसाचं सांगता येत नाही. रजा मिळाली. कशी ते देव जाणे.

३ मे

परमिट आलं. सिंधूचं. मालकांच्या पेढीच्या पाकिटात, माझ्या नावानं. सोबत शेठाणीबाईंच्या हिंदीत चार ओळी. बेटीला घेऊन या, गच्चीवर झोपायला जाळीची मच्छरदाणी शिवून ठेवली आहे. आणखी काही नाही.

ह्यांचं एक अक्षर नाही.

९ मे

पाटल्या मोडल्या. सिंधूचं तिकीट झालं. जाऊबाई आल्या होत्या, कडबोळ्यांचा डबा घेऊन. माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. सिंधूला जवळ घेऊन तिची वेणी घातली, लाल रिबीन स्वतःची आणलेली. जाताना डोळे पुसत होत्या. माणसांचं काही कळत नाही.

१६ मे

उद्या मनमाडकडच्या गाडीनं निघायचं, मग मुंबई. ट्रंक बांधून झाली. ह्यांच्याकडून अजूनही काही नाही. मोंबासा बंदरावर उतरवून घ्यायला येतील, लिंबाजीला पाठवतील, का कुणीच नसेल, ठाऊक नाही.

सिंधूनं आज पहिल्यांदा विचारलं. ओठांवर बोटानं मिशी काढली, म्हणजे बाबा. मग स्वतःकडं बोट, मग डोळे. बाबा मला ओळखतील का?

खोटं सांगवलं नाही. म्हणले, मी ओळख करून देईन.

आणि देणारच आहे. बंदरावर सगळ्यांच्या देखत, पहिलं वाक्य माझं. ही तुमची मुलगी, सिंधू. त्याच्या पुढचं त्यांनी बोलावं.