बाबांच्या खांद्यावरून

३ मार्च, सोमवार

संशोधक बाई आमच्या चष्म्याच्या दुकानात परत आल्या. पुन्हा चष्म्यावर बसल्या होत्या! एवढ्या शिकलेल्या, पण चष्मा खुर्चीवर ठेवायची सवय काही जात नाही. मी दांडी सरळ करत होते, तर समोर बसून विचारतात कशा, "तुमची सगळ्यात पहिली आठवण कोणती हो?" मी मान वर न करता सांगून टाकलं, "बाबांच्या खांद्यावर बसून बल्ब लावला, ती."

बाई एकदम सावरून बसल्या. "तेव्हा किती वर्षांच्या होतात?" दोन, म्हटलं. अडीच वर्षांची असताना बाबा गेले, म्हणजे त्याच्या आधीचंच असणार. बाई बघतच राहिल्या. तीन-साडेतीनच्या आधीचं बहुतेकांना काही म्हणजे काही आठवत नाही म्हणे. विद्यापीठात त्या यावरच काम करतात. याल का, म्हणाल्या.

जाणार! काचा घासून घासून जीव कंटाळलाय. आणि खरं सांगायचं तर बाबांबद्दल मला कुणी कधी काही विचारतच नाही.

५ मार्च, बुधवार

बाईंनी सांगितलंय, येण्याआधी सगळं नीट आठवून ठेवा. हे बरं आहे! मी विसरते कधी?

उंच छताची खोली. अंधारून आलेलं. मी बाबांच्या खांद्यावर, हातात बल्ब. खाली त्यांचं डोकं — केस विरळ, मधोमध भोवरा. तोल जाऊ नये म्हणून मी त्यांचा कान घट्ट धरलाय. बाबा म्हणतात, "अगं, कान काय पिळतेस, बल्ब फिरव!" मी फिरवते. लख्ख उजेड! बाबा हसतात. ते हसणं माझ्या मांड्यांना कळतं, कारण त्यांचे खांदे हलतात.

बस. एवढंच. चेहरा नाही — चेहरा फोटोतला. आई त्यांच्याबद्दल बोलायचीच नाही, तिला त्रास होत असेल म्हणून मीही विचारलं नाही. पण ते खांद्यांचं हलणं कुठल्या फोटोत नाही. ते माझं आहे. रस्त्यात एखादा बाप पोरीला खांद्यावर घेऊन चाललेला दिसला की अजून मी वळून वळून बघते. या वयात! लाज वाटायला हवी. वाटत नाही.

११ मार्च, मंगळवार

विद्यापीठात जाऊन आले. मला वाटलं, डोक्याला तारा लावतील, यंत्रं पीं-पीं करतील. कसलं काय! एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत सुकलेलं रोप. नुसत्या गप्पा. पण खोदून खोदून! बाबांचं डोकं वरून दिसतं, की लांबून स्वतःलाच खांद्यावर बसलेलं बघता? वरून, म्हटलं. माझ्याच डोळ्यांनी.

मग त्यांनी जे समजावलं त्याने डोकं भणाणलंय. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी मेंदू ती नव्याने जुळवतो, आणि जुळवताना त्यात काहीबाही मिसळतं, काही गळतं. म्हणजे जिला रोज हात लावाल तीही जशीच्या तशी राहील याची खात्री नाही. मी विचारलं, "मग जपायची असेल तर आठवायचीच नाही का?"

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आठवायचं नाही असं ठरवून बघितलं. चष्म्याच्या दुकानात! जिकडे मान वळवावी तिकडे दिवा. दुपारपर्यंतसुद्धा जमलं नाही.

२० मार्च, गुरुवार

घरातल्या मोठ्या माणसाकडून खातरजमा करून घ्यायची त्यांची पद्धत आहे. आई आता नाही. राहिली ताई, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. बाई आज तिला फोन करणार होत्या. माझं कामात लक्ष कुठलं! एका आजोबांची काच नको तेवढी घासली, फ्रेममध्ये बसेना, गेली वाया. मालक बोलायचं ते बोलले.

दुपारी बाईंचा फोन. "ताईंनी सगळं बरोबर सांगितलं. खोली, बल्ब, कानसुद्धा!"

यंत्रासमोरच रडले. काउंटरवरची बडबडी पोरगी धावत आली, तिला वाटलं डोळ्यात काच गेली. ताईला लगेच फोन लावला, तर म्हणते, "त्यात काय एवढं. जेवलीस का?" विषय बदलावा तर ताईनेच.

२४ मार्च, सोमवार

बाई आल्या — चष्मा शाबूत! खास सांगायला आल्या होत्या. इतक्या लहान वयातली, साक्षीदार असलेली आठवण फार क्वचित मिळते. त्यांच्या लेखात माझ्यावर वेगळा भाग असणार. नाव नाही, नुसतं 'एक स्त्री'. चालेल की! बाबा आणि मी, छापून!

ताईला कळवलं.  ती म्हणाली, "छापणार? म्हणजे खरंच छापणार?"

"अगं हो!"

"मी शनिवारी येते."

२९ मार्च, शनिवार

ताई आली ती थेट स्वयंपाकघरात. पाणीही प्यायली नाही. ओट्याला टेकून म्हणाली, "ते छापू नका म्हणून सांग त्यांना. बल्ब मी लावला होता. ते उंच छताचं घर सोडलं तेव्हा तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता."

मला आधी हसूच आलं. 

"बाईंना हो म्हणालीस ना तू!"

"तुझ्यासाठी म्हणाले. पण आता त्यावरून चार शहाणी माणसं काहीतरी ठरवणार. ते नाही गं मला जमणार."

लहानपणी मी टेबलाखाली जाऊन बसायचे म्हणे. ताईला बाबा आठवतात आणि मला नाही, म्हणून. कुणाचं ऐकायचे नाही. एकदा ताई टेबलाखाली शिरली आणि म्हणाली, "असं काय करतेस, तू बल्ब लावला होतास ना? बाबांच्या खांद्यावरून?" मी म्हणे बराच वेळ विचार केला आणि हो म्हणाले. मग रोज तिच्याकडून ऐकायचे. पुढे पुढे मीच तिला सांगायला लागले.

"आणि खांदे? खांदे हललेले मला कळलेत, ताई!"

"तेही मीच सांगितलं होतं."

जा म्हटलं तिला. गेली.

३१ मार्च, सोमवार

बाईंना सांगून आले. वाटलं, चिडतील. उलट डोळे चमकले त्यांचे! मेंदू मजकूर जपतो, पण तो कुणाकडून आला हे विसरतो. भावंडांमध्ये तर असं होतंच, एकाचं पडणं दुसऱ्याला स्वतःचं म्हणून आठवतं. "तुमच्या मेंदूचं काही चुकलं नाही," म्हणाल्या.

मेंदूचं ठीक आहे हो. माझं काय?

३ एप्रिल, गुरुवार

डोळे मिटले की खांदे अजून हलतात. खोटं आहे हे कळूनही हलतात! काय करायचं याचं? मला बाबा हवे आहेत. एवढीशी चिंधी चालेल, पण माझ्या बाबांची.

४ एप्रिल, शुक्रवार

ताईला फोन केला. म्हटलं, तुझी आठवण तू परत घे आणि मला दुसरी दे. माझ्या नावाची नको, तुझ्याच नावाने सांग. बाबा जेवताना, बाबा चपला घालताना, कसलीही. दहा वर्षं होतीस तू त्यांच्याजवळ!

"बघू. दूध उतू जातंय," म्हणाली आणि फोन ठेवला.

कंजूष! एवढे बाबा एकटीच दाबून बसलीय.

६ एप्रिल, रविवार

ताईनेच फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "खूप शोधली गं. तुला देण्यासारखी दुसरी नाही. बाबांची पावलं जिन्यात वाजली की आई आणि मी बोलायच्या थांबायचो. चांगला दिवस तो बल्बचा, तेवढा एकच होता."