गुणाजीआजोबांची तिथी

४ मे २०२४, शनिवार

तारीख मिळाली! ३ मे १९४४. म्हणजे काल बरोबर ऐंशी वर्षं झाली, आणि काल दुपारी मी चक्क झोपले होते.

प्रभादेवीचे चिंतामणी साहेब हवाई दलातून निवृत्त झालेत. जुन्या स्क्वाड्रनच्या नोंदी गोळा करतात. त्यांनी आज झेरॉक्स हातात ठेवली. अराकान, ब्रह्मदेशाची सीमा. दोघांचंच बॉम्बर विमान — पुढे वैमानिक, त्याच्या पाठीला पाठ लावून वायरलेस आणि मशीनगन सांभाळणारा. तो मागचा म्हणजे सार्जंट गुणाजी परब, वय २१. बॉम्ब टाकायला सूर मारलेलं विमान वर आलंच नाही.

माझ्या आजीचे, अक्काचे, धाकटे भाऊ. मी गुणाजीआजोबा म्हणते. एकवीस वर्षांचे आजोबा!

घरी आल्यावर हितेंद्र म्हणाला, "बारशाचं आमंत्रण आलंय का? असा चेहरा झालाय तुझा." ओशाळले. नवऱ्याला सगळं दिसतं. मरणाची तारीख सापडल्याचा इतका आनंद व्हावा का?

६ मे

घोळ आहे. आपल्याकडे त्यांचं पान वाढतात वैशाख वद्य दशमीला. त्या दिवशी तार आली. तारेत तारीख नव्हती, असं शेवंतीआजी नेहमी सांगते. मरणाचा दिवस ठाऊक नसला की बातमी कळली तो दिवस धरायचा, म्हणून ती तिथी.

जुनं पंचांग काढून पाहिलं. तीन मेला शुद्ध दशमी! म्हणजे ऐंशी वर्षं आपण पंधरा दिवस उशिरा जेवायला वाढतोय.

शेवंतीआजी ही त्यांची धाकटी बहीण, त्या भावंडांतली आता एकटीच उरलेली. ब्याण्णव पूर्ण. तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून लालबागला आमच्याकडेच. तिथीच्या दिवशी वडे तीच तळते, कोणाला झारा धरू देत नाही. तिला हे सांगायचं? आतापर्यंतची सगळी पानं तिला फुकट गेल्यासारखी वाटली तर? आणि नाही सांगितलं, तर यंदा चुकीच्या दिवशी वाढतोय हे माहीत असून मी पाटावर बसायचं. माझ्या ग्रंथालयात एक कार्ड चुकीच्या कप्प्यात असलं तरी मला चैन पडत नाही. पण आजी म्हणजे कार्ड नाही.

९ मे

आज नुसताच गुणाजीआजोबांचा विषय काढला. आजी खुलली! भरतीला गेले तेव्हा वजन कमी भरलं. तसेच नाक्यावर आले, डझनभर केळी खाल्ली, वर तांब्याभर पाणी, आणि परत रांगेत. वडील गिरणीतून येऊन बघतात तर पोरगा पोट धरून बसलाय आणि म्हणतोय, "पास झालो!"

पहिल्याच उड्डाणात ओकले. पत्रात लिहिलं होतं — मागे बसतो ते बरं, माझा त्रास फक्त वाऱ्याला.

हसून हसून आजीला ठसका लागला. मी पाणी दिलं, तारखेचं काढलंच नाही.

१३ मे

आज सांगणार होते. नाही सांगितलं. भरली वांगी मात्र उत्तम झाली.

१७ मे

सांगितलं. उद्या शुद्ध दशमी, आता टाळणं म्हणजे निव्वळ भ्याडपणा.

तारखेचं तिनं विचारलंच नाही. आधी विचारलं, "जळलो काय गो तो?"

"नाही आजी. क्षणात झालं. कळलंही नसेल."

चिंतामणी साहेब "बहुधा" म्हणाले होते. मी "बहुधा" गाळलं. हे खोटं का? आज तरी मला तसं वाटत नाही.

मग शुद्ध-वद्य समजावून सांगितलं. ती म्हणाली, "रवांदे गो. चल्लाहा तसा चलांदे." झालं! दोन आठवडे मी उगाच जिवाला घोर लावून घेतला.

१८ मे, शनिवार

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर काळे वाटाणे भिजलेले! रात्री आजीनंच टाकले, कोणाला न सांगता. वडे, वाटाण्याची आमटी, खीर. पहिल्यांदाच शुद्ध दशमीला पान वाढलं.

हितेंद्र गॅलरीत पान ठेवताना म्हणाला, "आजी, टायमिंग बदललंय, कावळ्यांना नोटीस दिलीत का?" आजी म्हणाली, "तू दे मरे, शिकलेलो मां तू!" सगळे हसलो. मी चार वडे खाल्ले. फार छान दिवस गेला. कशाला एवढी घाबरत होते?

१९ मे

तारेत तारीख होती. आज आजीनं आपणहून सांगितलं. तार सात मेलाच आली, तिच्याच हातात. बारा वर्षांची होती, घरात इंग्रजी तेवढं तिलाच वाचता येत होतं. अक्काचं लग्न पाच दिवसांवर. सुतक लागलं असतं तर लग्न थांबलं असतं, आणि सोयरे थांबणारे नव्हते. अक्का कणकवलीला सासरी पोचेपर्यंत, दहा दिवस, तार दप्तरात ठेवली. मग वडलांना वाचून दाखवली, तारीख सोडून. अक्काला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"सुतक मी एकटीन पाळलंय गो. देवाक शिवलंय नाय, लग्नात गोड खाल्लंय नाय. आवशीक म्हटलंय, पोटात दुखता. तिना ओवो दिल्यान."