बारावे ठिकाण

गोंदिया, सोमवार सकाळ

प्रिय पिंकी,

बाबांचे पत्र पाहून दचकू नकोस. उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवण्यांवर लिहितो आहे, म्हणजे समोरच असलेल्या तुझ्या आईला वाटावे की मी नववीचे संस्कृतचे पेपर तपासतो आहे. मधूनमधून कपाळाला आठ्याही घालतो, म्हणजे खरे वाटते. झाले की फोटो काढून मोबाइलवर पाठवीन. फोनच केला असता, पण कुडव्याच्या आपल्या दोन खोल्यांत तुझ्या आईच्या कानांपलीकडे जागा उरत नाही, हे तुला माहीत आहे.

गेल्या वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तू यादी पाठवलीस. फारशी कुणाला ठाऊक नसलेली, पण एकदा तरी बघावी अशी जगातली बारा ठिकाणे. एकेका ठिकाणाला एकेक पान, आणि शेवटी तुझा हुकूम: एक निवडा, तिकिटे मी काढते. त्यावर मी कळवले की समुद्रोल्लंघन शास्त्रात निषिद्ध आहे. तू इतकी चिडलीस की तीन रविवार माझ्याशी बोलली नाहीस, फक्त आईशी बोललीस. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. अगं, तुझ्या पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. ज्या शास्त्राने त्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू दिला नाही, ते शास्त्र मी, त्यांचा नातू, ढाल म्हणून पुढे धरतो आणि तुला साधा संशय येत नाही? डब्लिनला जाऊन पोरगी हुशार झाली असा माझा समज होता.

तर बातमी अशी की त्या बारापैकी अकरा ठिकाणे आम्ही पाहून आलो. पासपोर्ट लागला नाही. सोमवारी आणि गुरुवारी निघायचे, चार तासांत परत. सोबतीला सालेकशाकडचा दुधराम असायचा, सकाळच्या गाडीने यायचा. आणि निर्मला सिस्टर. त्या दारातूनच विचारतात, "आज कहाँ घुमा रहे सर?" मी तुझे पान काढतो आणि मोठ्याने वाचतो. फॅरो बेटांवर घरांच्या छपरांवर गवत उगवते आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, हे ऐकून दुधरामने गंभीरपणे विचारले, "काऊन जी मास्तर, गवत वर हाय तं मेंढ्या चढवते कशा?" याचे उत्तर तू दिले नव्हतेस. जॉर्जियातल्या स्वानेती भागात प्रत्येक घराला स्वतःचा दगडी बुरूज असतो म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हंजे भाऊबंदकी तिकडं बी हाय." मी तुझा तीन परिच्छेदांचा इतिहास वाचून दाखवला. निष्कर्ष तोच निघाला.

तुझी आई मात्र प्रत्येक ठिकाणी पाण्याचे विचारते. ओह्रिदचे तळे इतके नितळ की खोलवर तळ दिसतो असे वाचले, तर म्हणाली, "वाचा जी पुन्हा." मी चार वेळा वाचले. मग तिने विचारले, ते पाणी पिता येते का. अझोर्सच्या बेटावर गरम जमिनीत भांडे पुरून मटण शिजवतात, तर हिचा प्रश्न, त्यात मीठ किती घालतात. पिंकी, आता तरी तुझ्या लक्षात यायला हवे. गेल्या चौदा महिन्यांपासून तुझी आई आळणी जेवते. दिवसाचे पाणी मी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवतो, आणि ती संध्याकाळपर्यंत त्या बाटलीकडे अशी पाहते की मला खोलीबाहेर जावे लागते.

तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. मी लिहितो आहे ती जागा डायलिसिसची खोली आहे. तुझी आई खिडकीजवळच्या पलंगावर आहे, डाव्या हाताला दोन नळ्या आहेत, यंत्र तिचे रक्त धुऊन तिला परत देत आहे. आज अजून पावणेदोन तास आहेत. व्हिडिओ कॉलवर ती बाराही महिने लांब बाह्यांचा ब्लाउज का घालते, हे तू विचारले होतेस. थंडी वाजते म्हणून मी सांगितले. मे महिन्यातल्या गोंदियात. सोमवारी नि गुरुवारी ती कुठे असते म्हटलेस, तर मी म्हणालो विहारात. तू हसलीस, आई भिक्खुणी होणार की काय म्हणालीस. मीही हसलो. मला ते चांगले जमले, याची आता लाज वाटते.

सांगायचे नाही ही तिचीच अट होती. "पोरीले सांगितलं तं पाहा, मी सुई लावूच देणार नाही." तिचे गणित सोपे आहे. तुला कळले की तू पुढच्या विमानाने येशील आणि आपले एक मूत्रपिंड टेबलावर ठेवशील. माझे चालले असते तर प्रश्नच नव्हता, पण माझ्या रक्तात साखर आहे. डॉक्टरांनी कागद पाहूनच मान हलवली. एवढी वर्षे गोड बोलल्याचा परिणाम, असे मी तुझ्या आईला म्हटले. ती हसली नाही. "तिच्या अंगातलं मले काई नको," एवढेच म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

आता दुधरामचे सांगतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे दिवस आले आणि तो म्हणाला, आता दोन आठवडे येणार नाही. सिस्टर रागावल्या, मी रागावलो. तो आम्हालाच समजावू लागला, "पंधरा दिवसाचाच तं सीझन हाय मास्तर. मशीन कुठं पळून राहिली?" जन्मभर विडीची पाने तोडून सत्तर-सत्तरचे पुडे बांधलेला माणूस. जंगलात पान तयार असताना पलंगावर पडून राहणे त्याला जमणारे नव्हते. अझोर्सचे पान माझ्यासाठी राखून ठेवा, मी आल्यावर वाचा, असे सांगून गेला. यंत्र कुठे पळाले नाही. तो आला नाही. दहाव्या दिवशी त्याच्या मुलाचा फोन आला. अझोर्सचे पान मी जूनमध्ये वाचले, आणि त्या पलंगावर तोवर कुणी दुसरे होते.

मुलाचा फोन आला त्या दिवशी स्कूटरवर घरी येताना तुझी आई मागून म्हणाली, "दुधरामभाऊ मोकळे झाले." कुडव्याच्या वळणावर तिने शांतपणे सांगितले की पोरीची यादी संपली की तीही थांबणार. बारा झाले की बस. मी चिडलो, ओरडलो, रस्त्यावरच्या लोकांनी पाहिले. ती म्हणाली, मी रडून नाही राहिली, तुम्ही कायले ओरडता.

त्या दिवसापासून मी एकेक ठिकाण चार-चार दिवस पुरवतो आहे. तुझ्या एका पानात माझी दहा पाने घातली. पाहून झालेल्या स्वानेतीत परत जाऊन मी एक किराणा दुकान उघडले आहे, ओह्रिदला एक म्हातारा नावाडी नेमला आहे. गेल्या गुरुवारी तासाभरातच तिचा रक्तदाब एकदम पडला, यंत्र बंद करावे लागले. शुद्धीवर आल्यावर तिने पहिले काय विचारले असेल? "किती राहिले?" मला वाटले तास विचारते. ती ठिकाणे विचारत होती.

एकच राहिले आहे. तुझ्या आयर्लंडच्या पश्चिमेचे इनिशबोफिन बेट. बाकीची अकरा तू कुठून तरी वाचून लिहिलीस, हे मास्तराला कळते. हे एकच तू पाहिलेले आहेस. पानाच्या शेवटी लिहिले आहेस की बोटीतून उतरलीस तेव्हा आईची आठवण आली, आणि का ते प्रत्यक्ष भेटल्यावर सांगेन. आज सकाळी मी तिला सांगितले की बारावे पान हरवले. तिने माझ्याकडे नीट पाहिले. "एकोणतीस वर्षं झाली तुमच्या संग. चष्म्याशिवाय तुमच्यानं काई हरवत नाही. गुरुवारपर्यंत शोधा." आता तिला डोळा लागला आहे. पान माझ्या खिशात आहे. गुरुवारी मी चष्मा हरवीन, त्यापुढे माझ्याकडे काही नाही. मूत्रपिंडाचे मी काही मागत नाही. तो विषय निघालाच तर तुम्ही मायलेकींनी भांडा. आमची तिकिटे काढू नकोस. तुझे एक काढ. पुढच्या सोमवारी सकाळी खिडकीजवळच्या पलंगापाशी येऊन उभी राहा, आणि ते पान तू वाच. आठवण का आली तेही तूच सांग. मी वाचणार नाही.

तुझाच, शब्द मोडून बसलेला,
बाबा