अक्काचा टाक आणि दीड लाख

ता. ४ ऑगस्ट, सोमवार
सगळ्यात आधी आली ती विशाखाच. चपला काढल्या न काढल्या, वाकून पाया पडली. मागून तिचा बाप हणमंतराव, पिशवीत तूरडाळ. देवणीहून नांदेडपर्यंत उभ्यानं आले म्हणे, एसटीत जागा न्हाई.

हणमंतराव अक्काचा धाकटा भाऊ. अक्का म्हणजे सिंधु, आमच्या मालकांची पहिली. ती गेली, मग मी आले. तिच्या नावाची चांदीची चकती, टाक, तवापासून माझ्या गळ्यात. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. मालक गेले, मंगळसूत्र गेलं, टाक राहिला. कुठं भरकटले.

तर विशाखाला लातूरला नर्सिंगला नंबर लागला. फी लाखभर, निम्मी एकतीस तारखेच्या आत, न्हाईतर नंबर जातो. हणमंतराव काही मागंना, नुसता पंख्याकडं बघत बसला. मीच म्हणले, भाऊ, अक्काच्या पाटल्या मोडून मालकांनी पैसे बँकेत ठेवलेत, दीड लाख झालेत. जाताना सांगून गेले, तिच्या माहेरी द्या. आठ वर्षं झाली. विसरले न्हाई मी, फक्त दिले न्हाई.

दुपारी बाराला मोरीपाशी पाटल्या वाजल्या. अक्काच. भूतबित मी मानत न्हाई. ती येती, बसती, मी बोलते, बस्स. आज खूश असणार.

ता. ५, मंगळवार
सुनेनं खोडा घातला. तनुजा म्हणती, आई, परक्याला पन्नास हजाराच्या वर दिलं की घेणाऱ्याला टॅक्स. नात्यातल्याला माफ.

परकी कशी? तडक सीए आलोककडं गेले. टाक दाखवला. ही माझी अक्का, हिची भाची ती माझी भाची. तो म्हणाला, आत्यानं दिलं तर माफ, पण आत्या हयात पाहिजे. तुम्ही कागदावर तिच्या कुणीच न्हाई. मी म्हणले, आत्या ही काय, गळ्यात हाय. तर म्हणतो, आजी, टाकाला पॅन कार्ड मिळत न्हाई. लई हसले मी. पुढं विशाखाचं उत्पन्न किती, अमकं तमकं सांगून राहिला होता. उठले. मला कळलं होतं.

ता. ७, गुरुवार
युक्ती! बालाजी माझा पोरगा, तनुजा सून, देगलूरचा अवधूत माझा सख्खा भाऊ. तिघांना दिलं तर माफ. तिघांनी आपापल्या नावानं विशाखाला द्यायचे. एकोणपन्नास-एकोणपन्नास हजार. पन्नासाला कुणी शिवायचंच न्हाई. सरकार बसलं हात चोळत.

आजच तिघांना दिले. वरच्या तीन हजारांत अक्काला साडी. टाकाला लावली, मी नेसले. मोरपंखी. शोभते.

ता. १२, मंगळवार
पाटल्या वाजायच्या थांबल्या न्हाईत. त्यात मागच्या खोलीतून घुरघुर. भर दुपारी, दार लावलेलं. अक्काचा घसा शेवटी असाच घुरघुरायचा, मालक सांगायचे. टाक तापल्यासारखा वाटतो. अक्का, पैसे गेले ना आता? दम धर. मी भीत न्हाई. चहा दोन कप टाकला.

ता. १४, गुरुवार
मागच्या खोलीचं दार उघडलं. वॉशिंग मशीन. तनुजा म्हणाली, आई, माझी कंबर गेली, पोळ्यानंतर विशाखाचं बघू. बालाजीनं नातीच्या, मृण्मयीच्या, क्लासला भरले, तेही लातूरलाच. म्हणतो, ही पण पोरगीच हाय की.

मशीन बंद करायला लावली. तरी पाटल्या वाजल्या.

ता. १८, सोमवार
आलोकचा फोन. आजी, त्या दिवशी अर्ध्यातच उठलात. पन्नास हजार घेणारीचे मोजतात, परक्या सगळ्यांचे मिळून. तिघांनी दिले असते तरी बेरीज एकच. आणि तिला दुसरी कमाई न्हाई. एकदम दिले असते तरी टॅक्स शून्य, फार तर रिटर्न भरायचं.

शून्य. आधी सांगायला काय झालं होतं त्याला?

अजून अवधूत हाय. भाऊ पक्का.

ता. २१, गुरुवार
अवधूतचा फोन. लई खुशीत. ताई, उद्या पोळा, देवणीच्या बाजारातून बैल आणला, पांढरा, काळ्या ठिपक्यांचा. सत्तेचाळीसला पडला. विकणारा बाप्या सोडताना बैलाच्या गळ्यात पडून रडला. पोरीच्या नर्सिंगची फी भरायची म्हणे. विशाखाचे पैसे तेवढे तूर निघाली की देतो.

विकणाऱ्याचं नाव विचारलं. सांगितलं त्यानं.

ता. २३, शनिवार
म्हणजे पैसे पोचले की! अक्काच्याच पाटल्यांचे, अक्काच्याच माहेरी. मीच धाडले म्हणायचे. अक्काला हे तीनदा सांगितलं.

बारा वाजले. पाटल्या वाजल्या न्हाईत. साडेबारा. न्हाईच. एवढी शांतता ह्या घरात कधी नव्हती. टाक गार पडलाय.

हणमंतरावाचा फोन आला. कर्ज न्हाई, काही न्हाई, निम्मी फी भरली म्हणाला. उरलेल्यासाठी तुमचा शब्द हाय, म्हणून घाई केली न्हाई. पोळा कसा झाला विचारलं. दावणीला पूजा केली म्हणाला, रिकाम्या.

उरलेले न्यायला दोघं येणार. सोमवारी, पंचवीसला.