तिसऱ्या जोडाची गळती

२ नोव्हेंबर
घर मनासारखं मिळालं. खिडकीतून नदी दिसते, पलीकडे कॅनडा. आल्या आल्या ओदीलनं प्लॉय, म्हणजे कुट्टूचे घावन, भाजले आणि धाप न लागता चार खाल्ले. माझ्या या बहिणीची फुप्फुसं अधू. लाकडाचा धूर तिला चालत नाही, म्हणून मुद्दाम पेलेट स्टोव्हचं घर घेतलं. भुशाच्या गोळ्या जळतात, पंखा धूर पाइपातून बाहेर ढकलतो. पण पाइपाच्या तिसऱ्या जोडाला ना स्क्रू, ना सीलंट. पेपर मिलमध्ये एकतीस वर्षं वाफेचे पाइप सांभाळलेल्या माणसाला हे बघवत नाही.

३ नोव्हेंबर
शेजारचा नॉर्मां कॉफीला आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या घरात आधी राहणारी म्हातारी इर्मा तो जोड मुद्दाम उघडा ठेवायची. "मिलवाल्या, तुझी हुशारी तुझ्यापाशी ठेव. त्या जोडाला हात लावू नकोस," म्हणाला. मी सांगितलं की उघड्या जोडातून विषारी वायू येतो आणि म्हातारी केवळ नशिबानं नव्वदीला पोचली. तो हसला नाही.

५ नोव्हेंबर
स्टोव्ह चालू करून जोडापाशी उदबत्ती धरली. गळती असेल तर धूर लांब ढकलला जातो. इथं तो सरळ फटीत शिरला. उभ्या पाइपाची ओढ असेल, अशी स्वतःची समजूत घातली. तीन स्क्रू, सीलंटची जाड रेघ, वर पत्र्याची टेप. काम चोख झालं. ओदील म्हणाली, पाइपाचे एवढे लाड कधी बायकोचेही केले नव्हतेस.

९ नोव्हेंबर
ओदीलला धाप लागते आहे. वायूचा अलार्म शून्य दाखवतो. नवा आणला, तोही शून्य. आता दुसरा जोड उदबत्तीचा धूर ओढायला लागलाय, म्हणून तोही बंद केला. हाताला चैन नाही. दिवसभर पाइप चाचपतोय.

११ नोव्हेंबर
तिला दवाखान्यात नेलं. रक्तात विषारी वायू नाही. तिथं ती छान श्वास घेत होती, नर्सला माझ्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. घरी येऊन दोन तास झाले आणि ओठ निळे पडले. मला भीती वाटते आहे. उद्या तिला चुलतबहिणीकडे नेतो.

१२ नोव्हेंबर, सकाळ
गोठणारा पाऊस. रस्ते बंद, वीज नाही, फोन नाही. पंखा थांबला, स्टोव्ह थंड पडला. तरी पहिला जोड ओढतोच आहे. कशानं? तोही बंद केला. आता कुठंच गळती नाही.

दुपार
नॉर्मां बर्फावरून घसरत आला. पाइपाकडे बघून दारातच थबकला. इर्मा त्याला सांगायची, पाइपात जे आहे त्याला खोलीतली हवा मिळाली की त्याचं भागतं. नाही मिळाली तर ते माणसातली घेतं. हे त्यानं आधी का नाही सांगितलं? म्हणाला, तू ऐकलं असतंस? तो मदत आणायला गेलाय.

दोन वाजता
खोली गारठली आहे. ओदीलच्या तोंडातली वाफ वर जात नाही. सरळ रेषेत पाइपाकडे जाते, बंद जोडापाशी नाहीशी होते. ती श्वास सोडतेय — सोडतेच आहे — घेत नाही —

उचलून दारापर्यंत नेली. वाफेची रेघ लांब झाली, तुटली नाही. चेहरा राखेसारखा झाला. परत आणली.

तिसऱ्या जोडाची टेप काढली. स्क्रू दोन. तिसरा —

निघाला. जोड उघडला. उदबत्ती धरली. धूर आत जात नाही. खोलीची हवा आता त्याला नको. तिचीच —

मी केलं हे. माझ्या या हातांनी.

फटीला तोंड लावलं. मागं ओदीलनं श्वास घेतला. ऐकला मी. मी मान वळवली की तिचा थांबतो. म्हणून इथंच. वही गुडघ्यावर. अक्षर —

तिनं डोळे उघडले. हाक मारतेय. उत्तर देता येत नाही.

नॉर्मां, आधी तिला बाहेर ने. ती लांब गेल्याशिवाय मला इथून हलवू नकोस. ती ऐकणार नाही, रडेल, तरी ने. तिला सांग की मला काही दुखत नाही, आणि